द्वारा

भट्टीवरच्या माणसांची पत्रं
मी तीन हंगाम परत पाठवली.
तांबड्या शाईनं लिहायचं :
पत्त्यावर इसम आढळला नाही.
खाली सही, तारीख, शिक्का.

इसम तिथंच होता.
गुडघ्याइतक्या चिखलात गारा तुडवत होता,
बायको साच्यानं विटा पाडत होती,
आणि मुनीम माझ्या सायकलचं हँडल धरून सांगायचा,
"इथं कोनी राहत नाही गा पोस्टमन.
हे फक्त काम करतात."

दुकालू. बिसाहू. फिरंतीन.
छत्तीसगढची नावं.
पोटात होती तेव्हा आई कामासाठी फिरत होती,
म्हणून मी फिरंतीन, असं ती म्हणाली.
मी म्हटलं, माझ्या आजाचं नाव उकंडा.
ती पदर तोंडात धरून हसली.

दुकालूनं अर्ज केला होता जिल्ह्याला.
साठ हजार विटा मोजणीत कमी,
आणि एकतीस जणांची आधारकार्डं
मुनिमाच्या पत्र्याच्या डब्यात.
सुनावणीचं रजिस्टर आलं,
मी नियमाप्रमाणं परत पाठवलं,
आणि पत्र परत आलं म्हणून तिकडं प्रकरण बंद झालं.

हे मला पुढच्या महिन्यात कळलं.
त्या रात्री भाकर गोड लागली नाही.

मैनाबाई खोब्रागडेला सांगितलं,
विहाराची किल्ली तिच्याकडं असते.
ती तूर पाखडत होती, सूप थांबलं नाही.
"माह्या बापाच्या घराले गावाच्या नकाशात जागा नव्हती.
पत्ता काय अस्ते, मले सांगतं काय?
लिही. द्वारा, बुद्धविहार."

एका दाराआड एकतीस माणसं
सायबाला पटणार नाहीत, म्हणून
सिस्टर फिलोमिनानं दवाखान्याची पाटी देऊ केली.
तीही झारखंडची, तिचं मराठी अजून अडखळतं.
मशिदीच्या कमिटीत दोन रात्री वाद झाला,
तिसऱ्या सकाळी रहमत खां स्वतः आले,
"सात नावं आमच्याकडं लिहा,
पण अक्षर नीट काढा, मागच्या वेळी
माझंच नाव तुम्ही रहमान लिहिलं होतं."
मठातल्या अच्युतबाबांनी काही विचारलं नाही,
फक्त जेवायला किती, एवढंच.

खंजिरी मंडळाचं मात्र फाटलं.
सभामंडपाचे टिन शेठनं दिलेले.
अर्धे म्हणाले, परक्यांपायी घरच्यांशी वैर कशाला.
वासुदेवराव काहीच बोलले नाहीत.
खंजिरी उचलली, बाहेर आले,
आणि माघाच्या थंडीत उघड्यावर बसून
भजन म्हटलं त्यांनी त्या गुरुवारी. चौघांनीच साथ दिली.
सूर फारसा लागला नाही.

दुसरं रजिस्टर आलं,
दुकालू वल्द मेहतर, द्वारा बुद्धविहार.
मी त्याचा अंगठा घेतला.
अंगठ्याला माती होती, पावतीवर तिचाही ठसा उठला.

सुनावणीला एक टेम्पो भरून माणसं गेली.
सायबानं विचारलं, यातले अर्जदार कोण?
कोणी चटकन उत्तर दिलं नाही,
कारण सगळेच उभे होते.

डबा उघडला. एकतीस कार्डं निघाली,
एक उंदरानं कुरतडलेलं.
विटांचे पैसे मिळाले, पण निम्मेच.
उरलेले अजून तारखेवर आहेत.
शेठ मला ओळख देत नाही आता,
आणि माझी बदलीची अफवा
दर सोमवारी बाजारातून परत येते.

जेठात भट्टी विझली, ती माणसं गेली.
जाताना फिरंतीननं विहाराच्या पायऱ्या
शेणानं सारवल्या. पायऱ्या सिमेंटच्या होत्या.
मैनाबाईनं धुतल्या नाहीत.

यंदा नाल्यापलीकडं नवी भट्टी लागली आहे.
बालाघाटची माणसं, असं ऐकतो.
त्यांच्या नावानं अजून काहीच आलेलं नाही,
तरी आज टपाल वाटून झाल्यावर तिकडं निघालोय,
त्यांना त्यांचा पत्ता सांगायला.
नाल्याच्या चढावर चेन उतरते नेहमी.
तिथून पायी.